रक्तदाबाच्या रांगेतले कवी

"वीस," मिसेस ट्रिबल म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी दुपारी तीनला मी स्वतः येऊन डोकी मोजणार. वीस भरली तर खोली तुमची. एकोणीस भरली तर लाइन डान्सवाल्या बायकांची. चाळीस जणी कधीपासून माझ्या मागे लागल्यात."

मिसेस ट्रिबल समाजकेंद्राच्या व्यवस्थापक. त्या निघून गेल्यावर थर्मन गॅडिसने खोलीवरून नजर फिरवली. कॅन्सस सिटीच्या पूर्व भागातल्या या केंद्रात गेले चार महिने तो दर शनिवारी 'कविता आणि जॅझ : खुला माइक' चालवत होता; ज्याला वाटेल त्याने नाव लिहायचं आणि मंचावर येऊन ऐकवायचं. खुर्च्या पन्नास होत्या. श्रोते चार होते, आणि त्यांतले एक गृहस्थ घोरत होते.

थर्मनने सत्तावीस वर्षं सिटी बस चालवली होती. लाल सिग्नल लागला की वेळापत्रकाच्या पाठीवर दोन ओळी खरडायच्या, हिरवा लागला की कागद खिशात. निवृत्त झाल्यावर त्याला वाटलं, आता माणसांना ऐकवू. बसमध्ये रोज चारशे माणसं त्याच्या पाठीमागे बसायची. इथे समोर चार बसेनात.

"थर्मन, खरं सांगू?" त्याची मेव्हणी व्हर्डेल म्हणाली. ती रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवायची आणि शनिवारी इथे, नात्याखातर. "तुझी ती नदीवरची कविता फार लांब आहे. मागच्या खेपेला दोन बायका आल्या होत्या. सातव्या पानावर उठून गेल्या."

"कवितेला वेळ द्यावा लागतो."

"दिला की त्यांनी. सात पानं दिला."

साथीला असणारा ह्यूएल पिकन्स आपल्या बासवर, त्या माणसाएवढ्या तंतुवाद्यावर, खोळ चढवत होता. वय एकोणऐंशी, बोलणं मोजकं. तो म्हणाला, "मला तर नदीत बुडाल्यासारखंच होतं." आणि दिवा मालवून बाहेर पडला.

आठवडाभर थर्मन झोपला नाही. न्हाव्याच्या दुकानात, धुलाईकेंद्रात, चिकनच्या गाडीवर, जिथे भिंत दिसेल तिथे त्याने कार्यक्रमाचे कागद चिकटवले. शनिवारी दीडलाच येऊन दारापाशी टेबल मांडलं, त्यावर नावं लिहायला रेघा मारलेला कागद आणि पेन ठेवलं, आणि आत जाऊन पन्नासच्या पन्नास खुर्च्या पुसल्या.

त्याच दुपारी, समोरच्या खोलीत, दवाखान्यातून आलेली नर्स लवॉन फुकट रक्तदाब तपासणार होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टेबल मात्र आयतं मांडलेलं बघून तिनेही आपला रेघा मारलेला कागद त्यावरच ठेवला होता.

अडीचला पाच मिनिटं असताना थर्मन बाहेर आला. कागदावर सव्वीस नावं! शेजारी आणखी एक कागद होता, त्यावर जेमतेम तीन. नावं ठळक होती, पण कागद कुणाचा, कशाचा, ही वरची बारीक अक्षरं वाचायला डोळ्यांवर चष्मा हवा होता आणि तो आत पियानोवर राहिला होता. सव्वीस नावं छातीशी धरून तो धावतच परत आला.

"व्हर्डेल! सव्वीस!"

"सव्वीस काय?"

"कवी! आणि कॉरिडॉरमध्ये खुर्च्या धरून बसलेत गं, शिस्तीत!"

त्याने माइक हातात घेतला. आज नदी आपण शेवटी वाचू, पाहुण्यांना आधी मान, असं त्याने मोठ्या मनाने ठरवलं आणि पहिलं नाव पुकारलं, "लेमुएल बॅरो!"

कॉरिडॉरमधल्या मंडळींना आवाज आला. नाव पुकारलं म्हणजे आत जायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक. आपला नंबर चुकायला नको म्हणून बॅरोच्या मागोमाग सगळेच आत आले आणि खुर्च्यांवर टेकले. लेमुएल बॅरो हा सत्तरीचा, पोट सुटलेला, भला माणूस. तो शर्टाची डावी बाही वर सरकवत मंचावर चढला. थर्मनला वाटलं, काय तडफ आहे!

"कुठे बसू?" बॅरोने विचारलं.

"बसायचं कशाला? उभ्यानेच होऊ द्या."

"मागच्या वेळी बसवलं होतं."

"इथे आम्ही उभ्यानेच करतो, ब्रदर बॅरो. लाजू नका. आतमध्ये जे काही साठलंय ते मोकळं करा."

बॅरोने माइककडे पाहिलं. दवाखान्यात नव्या नव्या पद्धती निघतात, त्यातलीच ही एक असेल. त्याने घसा साफ केला. "सकाळी उठलं की डोकं गरगरतं."

ह्यूएलने बासवर दोन सूर टाकले. धम्म, धम्म.

"डॉक्टर म्हणाला, मीठ बंद."

धम्म, धम्म.

"बायकोने मीठ बंद केलं. मग भाजीतलं डुकराचं हाड बंद केलं. हाडाच्या जागी टर्कीचा तुकडा टाकते. मंडळी, त्या भाजीला ना चव, ना ढव!"

"बोला, ब्रदर!" चर्चमध्ये ओरडतात तसं मागून कुणीतरी ओरडलं. त्याच्याही घरी टर्कीच चालू असावी.

बॅरोला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी 'बोला' म्हणत होतं. व्हर्डेलची बोटंही आपोआप पियानोवर चालायला लागली. "मी भाजी खातो. मी मान डोलावतो. मी म्हणतो, छान झालीय गं. आणि मग गाडीत पेट्रोल भरून येतो म्हणून सांगतो..."

"हो तर!"

"...आणि कोपऱ्यावरच्या भट्टीतून चार झणझणीत सॉसेज घेतो..."

"चार!"

"...आणि काचा वर करून, गाडीत बसून, एकटाच खातो! आठवड्यातून तीनदा! टाकी कायम भरलेली असते, मंडळी, टाकीत आता थेंब मावत नाही!"

खोली हसून लोळली. टाळ्या थांबेनात. बॅरो घाम पुसत म्हणाला, "आता मशीन लावताय ना?"

पण थर्मनने दुसरं नाव पुकारलंसुद्धा होतं. "ओरा ली बॅरो!"

हसणं एकदम थांबलं. तिसऱ्या रांगेतून निळी टोपी घातलेली एक बाई सावकाश उठली. तिने पर्स नवऱ्याच्या हातात दिली, माइक आपल्या उंचीला आणला आणि ह्यूएलकडे वळून म्हणाली, "जरा जलद घ्या."

ह्यूएलने जलद घेतलं.

"एकेचाळीस वर्षं," ओरा ली म्हणाली, "मी या माणसाचे शर्ट धुते. मला वाटायचं, पेट्रोल पंपावर हल्ली मिरपूड सांडत असेल!"

पुढची वीस मिनिटं काय झालं ते थर्मनला नीट आठवत नाही. ओरा लीने हाडाचा, टर्कीचा, खोट्या 'छान झालीय'चा एकेक हिशेब सुरावर चुकता केला. बॅरो खालून "ऐक तरी!" म्हणत होता, लोक त्याला "तुमची पाळी झाली!" म्हणून बसवत होते. जागा मापायला फीत घेऊन आलेल्या लाइन डान्सवाल्या बायका दारात थबकल्या, मग आत आल्या, मग ठेक्यावर पाय आपटायला लागल्या. फीत कुणाच्या तरी खुर्चीखाली गेली.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. नर्स लवॉन होती. तिच्या एका हातात मशीन होतं, दुसऱ्या हातात एक कागद, आणि मागे एक रडवेली कॉलेजातली मुलगी.

"माझे पेशंट कुठे गेले?" नर्स कडाडली. "माझ्याकडे तिघंच आलेत. या पोरीने खुर्चीत बसल्याबसल्या सांगितलं, मला वाचायचंय. म्हटलं मीही रीडिंगच घेते, हात कर पुढे! तर तिने वहीच काढली. चार पानी कविता ऐकली मी!"

थर्मनने पियानोवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. हातातल्या कागदावर सगळ्यात वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रक्तदाब तपासणी.  आणि त्याच क्षणी, नेमक्या तीनच्या ठोक्याला, मिसेस ट्रिबल आत आल्या. त्यांनी बोटाने मोजायला सुरुवात केली, आणि त्यांची भुवई वर वर जात राहिली. "त्रेपन्न," त्या म्हणाल्या.

गप्प बसला असता तर खोली त्याची होती. पण सत्तावीस वर्षांत थर्मनने एकही थांबा गाळला नव्हता. त्याने माइक हातात घेतला.

"मंडळी, चूक झाली."

धम्म, धम्म. ह्यूएलने सवयीने सूर टाकले.

"ह्यूएल, वाजवू नकोस, मी खरंच सांगतोय. मी चष्मा न लावता कागद उचलला."

"उचलला!" लोक म्हणाले.

"तुम्ही माझ्याकडे आलाच नव्हतात. माझ्याकडे कुणीच येत नाही. चार माणसं येतात, त्यातला एक झोपतो, आणि घरी जाऊन मी बायकोला सांगतो, आज बरीच गर्दी होती."

"बोला, ब्रदर गॅडिस!"

"बोलतोच आहे! मी झोपलेल्याला दोनदा मोजतो! कारण त्याच्या घोरण्याचा आवाज दोघांएवढा येतो!"  थर्मनला थांबायचं होतं, पण शब्द येत राहिले. बसमध्ये रोज चारशे जण 'गुड मॉर्निंग' म्हणायचे, निवृत्त झाल्यापासून सकाळ होते पण कुणी सांगत नाही, हेही तो बोलून गेला. मग माइक ठेवून म्हणाला, "रक्तदाब समोरच्या खोलीत. जा."

कुणीही उठलं नाही. उठलं ते फक्त टाळ्यांसाठी. व्हर्डेल रुमाल शोधत होती. तिच्या मते हे थर्मनने आजवर केलेलं सगळ्यात उत्तम काव्य होतं आणि ते एका पानाचंसुद्धा नव्हतं.

"ते सगळं ठीक," मिसेस ट्रिबल म्हणाल्या. "पण ही माणसं तुमची की नर्सबाईंची?"

"मी कुणाचीच नाही," ओरा ली म्हणाली. "पण माझं अजून निम्मं बाकी आहे."

"आणि माझा नंबर नववा आहे," एक लाल शर्टवाले गृहस्थ म्हणाले. "माझ्या जावयाबद्दल मला बोलायचंय. बोलल्याशिवाय मी हलत नाही."

शेवटी नर्सनेच हार मानली. तिने कोपऱ्यात खुर्ची मांडली आणि एकेकाचा दंड धरून मशीन लावायला सुरुवात केली. मंचावर जाण्याआधी एकदा, उतरल्यावर एकदा. मंचावरून उतरल्यावर बॅरोचा आकडा बराच चढला होता, पण ते बायकोमुळे, असं तिने नोंदवलं. कॉलेजातल्या मुलीने चार पानांतलं एकच पान वाचलं आणि तिला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

पुढच्या शनिवारी सत्तर माणसं आली, त्याच्या पुढच्या शनिवारी शंभर. मिसेस ट्रिबलनी मोठा हॉल उघडून दिला. एक ड्रमवाला आला, मग ट्रम्पेटवाली आली. बॅरो नवरा-बायको आठवडाभर घरात भांडेनासे झाले, सगळं शनिवारसाठी राखून ठेवू लागले. थर्मन फक्त नावं पुकारायचा आणि बाकी वेळ पहिल्या रांगेत बसून ऐकायचा. इतकी वर्षं माणसं त्याच्या पाठीमागे होती. आता त्यांचे चेहरे दिसत होते.

मार्चमधल्या एका शनिवारी यादीतलं चौदावं नाव वाचताना तो अडखळला. चष्मा पुसून त्याने पुन्हा वाचलं.

"लवॉन?"

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. नर्सने मशीनचा पट्टा गुंडाळून ठेवला, गणवेश नीट केला आणि मंचावर चढली. 

"सतरा वर्षं," ती म्हणाली, "मी लोकांना सांगत आलेय, पट्टा फुगत असताना बोलू नका, आकडा चुकतो. सतरा वर्षं माझ्यासमोर सगळे गप्प बसतात. आज मला बोलायचंय."

 ह्यूएलने बास खांद्याशी टेकवला.

"कसं घेऊ, मिस लवॉन?"

तिने डोळे मिटले.

"हळू," ती म्हणाली. "माझ्याकडे बरंच आहे."