चार नंबरची कुंडी

आमच्या सोसायटीत लोक कुंडीत तुळस लावत, मोगरा लावत. तळमजल्यावरचे बोंडे काका कचऱ्याच्या पिशव्या लावत.

सहा कुंड्या, सहा तऱ्हेच्या पिशव्या, प्रत्येकीत मूठभर भाजीची देठं आणि वरून माती. कुंडीत खोचलेल्या आइस्क्रीमच्या काडीवर नंबर. दर रविवारी सकाळी दहाला उत्खनन. त्याची रीतसर नोटीस जिन्यात लागायची.

काका मूळचे अमरावतीकडचे, सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. मुलाला हिंजवडीत नोकरी लागली म्हणून कासारसाईच्या रस्त्यावर फ्लॅट घेतला, आणि ताबा मिळेपर्यंत कंपनीनं मुलालाच अमेरिकेला धाडलं. काका एकटेच राहायला आले. सोसायटीच्या सभेत घरच्या कचऱ्याला प्लॅस्टिकऐवजी कुजणारी पिशवी कोणती घ्यायची, हा विषय निघाला तेव्हा तेच उभे राहिले. म्हणाले, पिशवीवर हिरवं पान छापलं म्हणून ती कुजते असं नाही, आपण मातीलाच विचारू. सगळ्यांना घरी जायचं होतं, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण रविवार काय रंगायला लागले म्हणून सांगू! आम्ही कुणी लातूरचे, कुणी जळगावचे, शेजाऱ्याचं आडनाव दारावरच्या पाटीवर वाचणारे. आता आमच्यात पैजा लागू लागल्या. मी चार नंबरवर, म्हणजे मक्याच्या स्टार्चच्या पिशवीवर, फिदा होतो. काका चिमट्यानं पिशवी उचलून उन्हात धरायचे, हुंगायचे, आग्रहानं आम्हालाही हुंगवायचे. शिवाय आलं घातलेला चहा. हिरव्या पानाची एक नंबर दोन महिन्यांनीही दुकानातून आत्ताच आणल्यासारखी निघाली, तेव्हा आम्ही मॅच जिंकल्यासारखा आरडाओरडा केला. पाच नंबरची वर्तमानपत्राची पिशवी तर बातम्यांसकट मातीत मिसळली.

अडली फक्त चार नंबर. दर रविवारी जशीच्या तशी. "राजेहो, निष्कर्षाची घाई नको," असं म्हणून काका दुसरा कप भरायचे.

निकालाची खरी घाई होती हौसाबाईंना. सोसायटीचा ओला कचरा त्या कासारसाईला आपल्या खताच्या खड्ड्यात नेत, आणि निकाल लागेपर्यंत तो प्लॅस्टिकच्या पिशव्यांतच येत होता. एका शनिवारी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"चार लंबरची कवाच माती झालीया. काका दर शनवारी नवी पिशवी पुरत्यात, म्या बघितलंय. त्यास्नी बोलू नगा काय. पर पलास्टिक निवडून माजी बोटं फुटल्यात."

आधी मला संतापच आला. आयुष्यभर मातीचे खरे अहवाल लिहिलेला माणूस, आणि माझ्या पिशवीवर असा अन्याय! मग काकांच्या ओट्याकडे लक्ष गेलं. रविवारी तिथे चपला मावत नसत. आज एकच जोड होता. निकाल लागला की आमचे रविवारही संपणार होते. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी चिमटा उचलला, तसा मीच पुढे झालो. म्हटलं, चार नंबर राहू दे, पाच नंबर जिंकला. रद्दी प्रत्येकाच्या घरात आहे. उद्यापासून कचरा वर्तमानपत्रात बांधायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. हौसाबाई तर तोंडभर हसल्या.

काकांनी चिमटा हळूच खाली ठेवला. "म्हणजे संपलं तर," ते म्हणाले.

"संपतंय कसलं, काका? पुडी बांधायची कशानं? सुती दोरा, सुतळी, केळीचं सोपट. त्यातलं आधी काय कुजतं, हे कुठे ठरलंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग चार नंबरच्या कुंडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना कळलं की मला कळलंय.

"सुतळीला वेळ लागतो," ते म्हणाले. "घाई करून नाही चालणार."

नव्या कुंड्यांना काड्या कमी पडत होत्या, म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं आइस्क्रीम खायला गेलो. मधुमेह असून काकांनी दोन खाल्ली. काड्या रुमालात नीट गुंडाळून खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "एखाद्या सोमवारीही येत जा ना."