गेलीस काय गं वर?

जतला आमच्या शेजारी राहणारे दानियलकाका गवंडी दिवसातून दहा वेळा बायकोला हाक मारत, "रूथ, गेलीस काय गं वर?" आतून उत्तर येई, "न्हाई अजून. च्या ठेवलाय." मी शाळेत मास्तर म्हणून नवा नवा राहायला आलो तेव्हा मला वाटलं, बाईंचा माळ्यावर काही उद्योग असावा.

प्रकरण माळ्याच्या बरंच पलीकडचं होतं. काका जुन्या चर्चचे. त्यांच्या मते जगाचा शेवट एकदाच होणार, कर्णा वाजणार आणि सगळे मेलेले एकदम उठणार. पण त्याला अजून पुष्कळ अवकाश होता. रूथकाकू मात्र स्टँडमागच्या नव्या प्रार्थना हॉलमध्ये जाऊ लागल्या होत्या. तिथली शिकवण अशी, की प्रभू कुठल्याही क्षणी येणार. आधी मेलेले विश्वासणारे उठणार, मग जिवंत असलेले वर उचलले जाणार आणि मागे राहिलेल्यांना सात वर्षं महासंकट. मागे राहणाऱ्यांत काकूंनी नवऱ्याला पक्कं धरलं होतं.

म्हणून त्यांनी त्याला साठीत भाकरी थापायला शिकवलं. सात वर्षं करून कोण घालणार? जन्मभर ओळंब्यात भिंती उभ्या केलेला माणूस, पण भाकरी काही गोल जमली नाही. "महासंकट म्हंत्यात ते हेच हाय, गुरुजी," ते मला म्हणत आणि अर्धी करपलेली माझ्या ताटात टाकत.

कबरीवरचे चौथरे बांधण्यात मात्र काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. ख्रिस्ती दफनभूमीतले निम्मे त्यांचेच. वीट, सिमेंट, वर शहाबादी फरशी. चौघांनी जोर लावला तरी फरशी हलता कामा नये, ही त्यांची अट.

मागच्या वर्षी काकू गेल्या. उचलल्या वगैरे गेल्या नाहीत. पोटाच्या दुखण्याने तीन आठवडे कण्हत गेल्या. शेवटी शेवटी त्या काकांनाही ओळखत नव्हत्या.

वर्ष झालं तरी त्यांच्या कबरीवर नुसता मातीचा उंचवटा. पाळकांनी दोनदा सुचवलं, लेकीने पुण्याहून फोन केले. साऱ्या गावाचे चौथरे बांधणाऱ्याला बायकोसाठी चार विटा जड झाल्या, असं गल्लीत बोललं जाऊ लागलं. मीही बोललो, खोटं कशाला सांगू. त्यात उन्हाळा लागला, टँकर आठवड्यातून एकदा येऊ लागला आणि काका दर टँकरला एक कळशी दफनभूमीकडे नेऊ लागले. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार. एका सकाळी मी चिडून मागोमाग गेलो आणि विचारलं, इथे काय बाग फुलवताय?

काका उकिडवे बसून, पाणी शिंपडून बोटांनी माती मोकळी करत होते.

"तिचं खरं निघालं तर?" मान वर न करता ते म्हणाले. "माझ्या मतानं लय वेळ हाय. पर तिचा प्रभू उद्या बी यील. उन्हानं ही माती दगडावानी हुती, गुरुजी. तिचं गुडघं तुमी बघितल्यात. वर चौथरा घातला तर कशी उठंल ती?"

मला माझीच लाज वाटली. मीही खाली बसलो आणि दोन ढेकळं फोडली.

काका उठले, हात झटकले आणि रोजच्याच आवाजात विचारलं, "रूथ, गेलीस काय गं वर?" स्वयंपाकघरातून उत्तर यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ते थांबले. मग रिकामी कळशी उचलून भाकरी थापायला घरी निघाले.