रिकामं पात्र नको

ताईला उत्साह आला की तिच्या हातून काहीतरी घडायचंच, आणि उत्साह तिला रोज यायचा.

शाळा सुटल्यावर ज्यांचे आईवडील कामावरून उशिरा परततात अशा मुलांना ती शाळेच्याच मागच्या हॉलमध्ये संध्याकाळपर्यंत सांभाळायची. पण नुसतं सांभाळणं तिच्या स्वभावात नव्हतं. दर आठवड्याला तिचा एक विषय असे. चाकांच्या आठवड्यात मुलांनी शाळेतली चाकं असलेली प्रत्येक वस्तू ढकलून पाहिली होती. त्यात मोठ्या बाईंची खुर्ची होती आणि खुर्चीत मोठ्या बाई होत्या. मुलं संध्याकाळी घरी जायला तयार नसत, न्यायला आलेल्या आया दारात ताटकळत उभ्या राहत, आणि ताई म्हणे, "पाचच मिनिटं हो, आत्ता कुठे रंगात आलंय!"

हा आठवडा गोष्टींचा होता. आणि नेमक्या याच आठवड्यात शाळेचे अध्यक्ष हॉल बघायला येणार होते. बघायला म्हणजे मोजायला. शाळेचे जुने मोडके बाक अडगळीच्या खोलीत मावेनासे झाले होते आणि अध्यक्षांना ते ठेवायला कोरडी, ऐसपैस जागा हवी होती. 'मुलं तिथे नक्की काय करतात ते एकदा पाहू आणि मग ठरवू,' असा त्यांचा निरोप होता. हॉल गेला की वर्ग गेला, हे कळायला ताईला कुणाची गरज नव्हती. तिला त्या निरोपाने झोप लागेना. मग तिला एक कल्पना सुचली आणि तिच्या अंगात वारंच शिरलं. प्रत्येक मुलाने आपल्या आवडत्या गोष्टीतलं पात्र आणायचं! बाहुली, मुखवटा, चित्र, काहीही. अध्यक्षांनी नुसतं बघत राहिलं पाहिजे!

त्याच उत्साहात तिने पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. 'उद्या प्रत्येक मुलाने आपले आवडते पात्र घेऊन यावे. पात्राबद्दल दोन वाक्ये बोलावीत. उत्कृष्ट पात्राला बक्षीस!'

'गोष्टीतलं' हा शब्द तिच्या डोक्यात होता. तो तिथेच राहिला.

त्यात त्या शाळेची भाषा आधीच जड. मुलांच्या डब्याला शाळेच्या सूचनांमध्ये 'भोजनपात्र' म्हणत आणि पाण्याच्या बाटलीला 'जलपात्र'. पालक बिचारे वर्षानुवर्षं त्याचा अर्थ लावून डबा-बाटली पाठवत आले होते. त्यांनी याही वेळी नेमाने अर्थ लावला आणि शंका विचारल्या.

'मोठं चालेल का?'

'लहान-मोठं कसलंही चालेल!'

'आमच्याकडे पणजीच्या वेळचं आहे.'

हे वाचून ताईचे डोळेच भरून आले. पणजीने सांगितलेली गोष्ट, चार पिढ्या जपलेली! तिने लगेच लिहिलं, 'तेच आणा! अशी पात्रं हल्ली बघायला तरी मिळतात का?'

'झाकून आणू का?'

'हो, हो! ऐन वेळी उघडू, मुलांना मजा येईल!'

आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तिने आपल्या मनचं एक वाक्य जोडलं. 'एकच विनंती. रिकामं पात्र नको. आत काहीतरी असलं पाहिजे.'

हे वाक्य तिला इतकं आवडलं, की ते तिने स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं आणि ती शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी ढब्बू आला. वर्गातला सर्वात लहान मुलगा. त्याने दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून प्रेशर कुकर आणला होता.

"हे काय रे?"

"पात्र," ढब्बू धापा टाकत म्हणाला. "आत सूप आहे."

"अरे राजा, पात्र म्हणजे..." ताईने मान वर केली. ढब्बूच्या मागे पातेलं होतं. पातेल्यामागे दुधाचा कॅन, कॅनमागे सरबताचा जग, जगामागे काचेचा मोठा बाऊल आणि बाऊलमध्ये एक केशरी मासा. सगळं काठोकाठ भरलेलं. मुलं मात्र अशी काही फुलली होती, की जणू त्यांना मैदान मारून यायला सांगितलं होतं आणि ती मारून आली होती.

ताई मटकन खाली बसली. "अहो मावशी, यांनी भांडी आणलीत!"

हॉलची झाडलोट करणाऱ्या मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "मग तुम्हीच नाही का सांगितलंत? मी पण आणलीय की." आणि त्यांनी मोठ्या अभिमानाने आपली किटली पुढे केली. "रिकामी नाही हं. चहा आहे."

रिकाम्या हाताने आलेली एकच मुलगी होती. ती याच सोमवारी वर्गात आली होती आणि आल्यापासून इतकं विचारत होती, की तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' पडलं होतं.

"तुझं पात्र कुठंय गं?"

"येतंय."

"येतंय म्हणजे?"

"चालत येतंय. चारच्या ठोक्याला येईल. उशीर केलेला त्याला खपत नाही."

एरवी ताईने हा विषय असा सोडला नसता. पण तेवढ्यात दाराकडून दाणकन आवाज आला.

पणजीच्या वेळचं पात्र पोहोचलं होतं. तो एक तांब्याचा अवाढव्य हंडा होता. एका मुलीचे बाबा आणि त्यांचा मेहुणा तो ढकलगाडीवर घालून घेऊन आले होते. हॉलच्या दाराची एक फळी कित्येक वर्षं उघडतच नव्हती, आणि उघडत होती तेवढ्या जागेत हंड्याचं पोट घट्ट अडकलं होतं. आत ना बाहेर.

"भाऊजी, तुम्ही ढकला!" मेहुणा हंड्याच्या अलीकडून ओरडला. तो हंड्याबरोबर आत आला होता.

"अरे, मी मगाचपासून ढकलतोय! तू ओढ!"

"पाणी कशाला भरलंत यात?" ताई जवळजवळ रडकुंडीला आली.

"रिकामं नको म्हणालात ना!"

"आणि घरून एवढं भरून आणलंत?"

"छे हो," भाऊजी दुखावले गेले. "आत्ता शाळेच्या नळावर भरलं. मी काय वेडा आहे?"

त्याच वेळी हंड्याच्या पलीकडे एक चष्मा आणि एक टक्कल उगवलं.

"हॉल हाच ना?" अध्यक्षांनी विचारलं.

खिडक्यांना गज होते, दुसरं दार नव्हतं. ज्यांना काहीतरी अफलातून दाखवायचं होतं ते बाहेर आणि दाखवायचं ते सगळं आत.

"पाणी उपसल्याशिवाय हा हलायचा नाही," मेहुण्याने निकाल दिला. "उपसायला भांडी हवीत. आहेत का तुमच्याकडे?"

ताईने मागे वळून पाहिलं. हॉल भांड्यांनी भरला होता आणि प्रत्येक भांडंही भरलं होतं. आणि तिला, एवढ्या संकटातही, उत्साह आला.

"मुलांनो," ती ओरडली, "प्या!"

जो गलका उठला तो काय सांगावा! सूप या पेल्यातून त्या पेल्यात गेलं, दुधाच्या मिशा उमटल्या, सरबताच्या जगाला रांग लागली. गर्दीतून एक घाबरा आवाज आला, "ताई, माझ्यात मासा आहे!"

"तू पिऊ नकोस!"

मग रिकाम्या भांड्यांनी हंड्यावर हल्ला केला. कुकर भरून वर येत होता, कॅन बुडत होता, मुलं हातोहात पाणी खिडकीपाशी पोहोचवत होती. "नुसतं फेकू नका! वाया घालवू नका!" बाहेरून अध्यक्ष कळवळले. "तिकडे झाडांना घाला! द्या, मला द्या!" खिडकीच्या गजांतून जेमतेम निघणारी किटली त्यांच्या हाती गेली. तीत चहा शिल्लक होता. तो टाकायचा कसा, म्हणून अध्यक्षांनी तो उभ्याउभ्या झाकणात ओतून संपवला, बाह्या सरसावल्या आणि स्वतः पाणी वाहायला लागले.

शेवटी हंडा 'ठप्' करून मागे सरकला आणि भाऊजी त्याच्यासकट व्हरांड्यात गेले. गुडघ्यापर्यंत भिजलेले अध्यक्ष आत आले आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर टेकले.

"आता सांगा," ते म्हणाले, "इथे नक्की काय चालतं?"

ताईने खरं काय ते सांगून टाकायला तोंड उघडलं. पण ढब्बू आधीच पुढे झाला होता. दोन वाक्यं पाठ करून आलेलं मूल थांबतं होय!

"हा आमचा कुकर. तो खूप वेळ गप्प बसतो आणि मग एकदम ओरडतो, म्हणून सगळे त्याला घाबरतात, पण जेवायला त्याच्याचमुळे मिळतं."

ताई चमकली. त्यानंतर पातेलं आलं. "ह्याचं झाकण हरवलं. आता दुसऱ्याचं घातलंय, पण दोघांचं पटत नाही, सारखी खडखड चालते." मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. ताईला आनंदाने उडी मारावीशी वाटली. ही पात्रंच होती की! तिला हवी होती अगदी तशी!

"आता माझा नंबर," प्रश्नपत्रिका म्हणाली. ती सरळ अध्यक्षांकडे गेली आणि तिने त्यांचं बोट धरलं. "चला आजोबा."

"अगं, मी पाहुणा आहे इथे."

"नाही. तुम्ही माझं पात्र आहात."

'आजोबा' हा शब्द ताईच्या डोक्यात शिरेपर्यंत प्रश्नपत्रिकेने त्यांना मधोमध आणून उभं केलं होतं.

"हे माझे आजोबा. आई म्हणते, तुझे आजोबा म्हणजे एक पात्रच आहे. आणि आजी म्हणते, असं पात्र शोधून सापडायचं नाही, मलाच बरं सापडलं!"

"बाळा, दोन वाक्यं झाली हं," ताई क्षीण आवाजात म्हणाली.

"ती आईची आणि आजीची होती. माझी राहिलीत." प्रश्नपत्रिकेने श्वास घेतला. "माझं पात्र काहीही टाकून देत नाही, मोडकी छत्री नाही, बंद घड्याळ नाही, एका पायाची चप्पलसुद्धा नाही. ते शाळेचे मोडके बाक घरी आणणार होते, पण आजी म्हणाली, बाक आत आले तर मी बाहेर जाईन, म्हणून ते बाकांना जागा शोधतायत." मग तिला अट आठवली. "आणि रिकामं नाहीये. दुपारी दोनदा वाढून घेतलंय त्यांनी."

सगळं संपलं, असं ताईला वाटलं. तिने डोळे मिटून घेतले. व्हरांड्यातून भाऊजींच्या हसण्याचा स्फोट झाला आणि तो दाबायला मेहुणा बाहेर धावला.

"सूनबाई असं म्हणतात?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"रोज," प्रश्नपत्रिका म्हणाली.

अध्यक्षांचे ओठ थरथरले. मग खांदे हलायला लागले. आणि मग ते असे खो-खो हसले, की त्यांना बुटकी खुर्ची पुन्हा गाठावी लागली. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बक्षीस कुणाला, हे विचारायची वेळच आली नाही. ताईने पुठ्ठ्याचा सोनेरी बिल्ला त्यांच्या सदऱ्यावर लावला. 'उत्कृष्ट पात्र'. त्यांनी तो वाकून वाचला आणि जरा सरळ केला.

"हॉल मला बाकांसाठी हवा होता," ते डोळे पुसत म्हणाले.

"हो साहेब."

"पण लाकूड ओलं झालं की कुजतं. आणि तुमच्या या हॉलमध्ये कधी पाणी येईल, काही नेम नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "हॉल राहू दे मुलांकडेच. पण मग माझ्या बाकांचं काय?"

झालं! ताईला उत्साह आला. "पुढचा आठवडा बाकांचा! आम्ही ते ठोकूनठाकून, रंगवून व्हरांड्यात मांडतो, मुलं बसतील त्यांच्यावर!"

"टाकणार नाही ना एकही?"

"एकही नाही!"

अध्यक्षांचा चेहरा उजळला. जाताना ते म्हणाले, "मलाही घ्या तुमच्या त्या ग्रुपमध्ये. आजोबा आहे मी."

त्या संध्याकाळी ताईने निरोप अतिशय जपून लिहिला. शब्दन्‌शब्द मावशींना वाचून दाखवला. 'सोमवारी आपण शाळेचे जुने लाकडी बाक रंगवणार आहोत. बाक शाळेत आहेत, कोणीही घरून आणू नयेत. प्रत्येकाने फक्त एक ब्रश आणावा. जुना चालेल.'

"आता आहे कुणाला शंका घ्यायला जागा?" तिने विजयी मुद्रेने विचारलं.

"छे, आता काय राहिलंय!" मावशी म्हणाल्या.

निरोप गेला आणि लगेच फोन टिणटिणला. ग्रुपमध्ये आलेल्या नव्या माणसाची पहिलीच शंका होती.

'ब्रश दाताचा की रंगाचा? कळावे. आपला, पात्र.'