हबक्कूकाचा पाचवा अध्याय

“माय, तो बोलस ते पुस्तकमा शे का, इतलं देखी ले,” असं आमच्या धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीचे (म्हणजे चर्चचे) पाळक वना नाना मला म्हणाले होते. ताकीद योग्य माणसाकडूनच यावी लागते, नाहीतर ती लागू होत नाही. नाना हे माइकशिवाय बोलले. शिवाय त्यांनी अख्खा पावसाळा नुसत्या वंशावळ्या शिकवल्या होत्या. त्यांच्या उपदेशात चौसष्टपैकी सरासरी एकोणीस जण झोपतात (लहान मुलं धरलेली नाहीत). त्यांचं ऐकून आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही. म्हणजे सामर्थ्य कमीच.

याउलट ब्रदर कुंदन. अमळनेरला त्यांची चंगाई सभा होती, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे होतात ती. मी बी.एस्सी. आहे, तपासल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. म्हणून तपासलं. आवाज: अठरा स्पीकर, छातीत जाणवणारा. कोट: मे महिन्यात, म्हणजे त्याग. अश्रू: दोन्ही डोळ्यांत, एकाच वेळी. शिवाय मनातलं ओळखणं. “इथे एक आई आहे, तिला लेकराची काळजी वाटते!” चार हजार बायकांत नेमकी मीच. (उरलेल्या तीन हजार नऊशे नव्व्याण्णव जणींनीही हात वर केला, तो गैरसमजातून.)

माझी लेक भूमिका पाच वर्षांची आहे. तिला फिट येतात, सकाळ-संध्याकाळ सिरप लागतं.

“हबक्कूक, पाचवा अध्याय!” ब्रदर गरजले. “ज्याचा विश्वास, तो बाटली फेकतो!” आम्ही “आमेन” म्हटलं. हबक्कूकाचं पुस्तक ज्यात आहे ते शास्त्र, म्हणजे बायबल, प्रत्येकीच्या पिशवीत होतं. पण दोन्ही हात वर असताना पिशवी उघडता येत नाही. सभेची आखणी किती विचारपूर्वक केलेली असते, ते बघा.

मग साक्षी. नियम सोपा: आधी स्टेजवर बरं झाल्याचं सांगायचं, मग घरी जाऊन बरं व्हायचं. उलट क्रमाने सांगितलं, तर तो विश्वास नव्हे, नुसती माहिती. रांगेत माझ्यापुढे पिंपळनेरकडच्या लताबाई होत्या. पंधरा वर्षं शुगरचं इन्सुलिन. घरी फ्रीज नाही, म्हणून बाटली ओल्या मडक्यात ठेवतात, हे त्यांनीच हौसेने सांगितलं. माइक मिळताच म्हणाल्या, “आते सुई बंद!” त्यांच्यानंतर मी. एकदा साक्ष दिल्यावर सिरप पाजलं, तर आपण खोट्या ठरतो. मी खोटी ठरले नाही.

तीन दिवस घरात विश्वास होता. चौथ्या दिवशी भूमिका जेवताजेवता ताटातच कोसळली.

“बाटली कुठंय?” माझा नवरा समाधान कपाटं उपसत ओरडला.

“फेकली.”

“मग आता तुझ्या ब्रदरला म्हण, अठरा स्पीकर घेऊन ये!”

दवाखान्यात सलाइनशेजारी बसून मी पहिल्यांदा पिशवी उघडली. माझा विश्वास नेमका कुठे कमी पडला, ते पाचव्या अध्यायात बघायचं होतं. हबक्कूकाचे अध्याय तीन आहेत. मी दोनदा मोजले. नाना भेटायला आले होते. पान पाहून एवढंच म्हणाले, “जे छापेलच नही, ते कितलं शोधशी, माय?”

भूमिका शुद्धीवर आली. सिरप सुरू आहे. ब्रदरांच्या चॅनलवर माझ्या साक्षीचा व्हिडिओही सुरू आहे. तो काढा म्हटलं, तर माझ्यासाठी प्रार्थना करू असं उत्तर आलं.

त्या दिवशी साक्षी एकशे बारा झाल्या. नंतर साक्ष देणाऱ्यांच्या घरी जाऊन केलेली विचारपूस: शून्य. परवापासून लताबाईंचा फोन बंद आहे. नाना काल एसटीने पिंपळनेरला जाऊन दिवसभर हिंडले, पण आसपासच्या कुठल्या पाड्यावर घर आहे, हे कोणी सांगेना. लताबाईंना सभेला “वळखीच्या ताई” गाडी करून घेऊन आल्या होत्या, एवढंच मला ठाऊक.

त्या ताई तुम्ही असाल, तर घर तुम्हाला माहीत आहे. नसाल, तर तुम्हीही कोणाला तरी असंच आग्रहाने नेलं असेल. निदान व्हिडिओ तरी पाठवला असेल. त्यांच्याकडे आजच जा. कशा आहात, असं विचारू नका. “बरी शे” म्हणतील. सरळ मडक्यात हात घाला. हाताला बाटली लागली नाही, तर प्रार्थना वाटेत करा, आधी गाडी बोलवा.