लोटनभाऊंची बेशुद्धी

लोणखेड्याच्या लग्नात जेवण होताच लोटनभाऊ मांडवामागच्या खाटेवर आडवे झाले आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. पहाटेपासून केळीला पाणी भरून ते सारंगखेड्याहून आले होते, त्यामुळे पाठ टेकताच डोळा लागला. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली झोपलेल्या माणसाला घाम फुटतो, तसा त्यांनाही फुटला.

नवरीचा मामा कुंदन तिथून चालला होता. त्याला लोटनभाऊंच्या मनगटावर पोलादी पट्टी दिसली. ती त्यांच्या मुलाने, धीरजने, नाशिकहून पाठवली होती. लोटनभाऊंना बारा वर्षांचा मधुमेह, आणि बागेत एकट्याने फिरायची सवय. कुठे पडले तर बघणाऱ्याला कळावं, एवढाच मुलाचा हेतू. बैलाच्या कानाला मारतात तसला बिल्ला, अशी कुरकुर लोटनभाऊंनी करून पाहिली होती, पण त्यांच्या बायकोने, रंजनाबाईंनी, स्वतःच्या हाताने ती पट्टी त्यांना बांधली होती.

कुंदनने वाकून वाचलं : 'मधुमेह. इन्सुलिन चालू. बेशुद्ध आढळल्यास साखर कमी झालेली असू शकते. ताबडतोब दवाखान्यात न्या.' त्याने भाऊंना दोनदा हलवलं. लोटनभाऊ ट्रॅक्टरच्या आवाजातही न उठणारे, ते कशाला उठतात? पट्टीवर रंजनाबाईंचा नंबर होता, तो कुंदनने लावला. रंजनाबाई पन्नास पावलांवर होत्या, पण त्यांचा फोन पिशवीत होता आणि शेजारी बँड वाजत होता.

कुंदन विचार करणारा माणूस. साखर कमी झाली आहे, म्हणजे साखर दिली पाहिजे. दवाखान्यात नेईपर्यंत थांबण्यात काय अर्थ? त्याने आचाऱ्याकडून जिलेबीचा पाक वाटीभर आणला आणि चमच्याने लोटनभाऊंच्या तोंडात सोडायला सुरुवात केली. तिसऱ्या चमच्याला ओठ हलले. कुंदनला धीर आला. वाटी संपली तरी डोळे काही उघडेनात, म्हणून नवरीच्या आजीने, कौसाबाईंनी, जिलेबीचे तुकडे करून भरवायला घेतले. तोवर अर्धं वऱ्हाड खाटेभोवती जमलं होतं. सहा जिलेब्या झाल्या. माणूस गिळतोय पण उठत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

कोणीतरी रंजनाबाईंना शोधून आणलं. नवऱ्याला तसं पडलेलं पाहून त्यांनी पिशवी तिथेच टाकली आणि जीप आणायला लावली. जीपमध्ये लोटनभाऊंचं डोकं मांडीवर घेऊन त्या शहाद्यापर्यंत रडत गेल्या. एरवी मोजकं आणि तेही करड्या आवाजात बोलणारी ती बाई त्यांच्या गालावर हात फिरवत म्हणत राहिली, "उठा हो. इतला वरीसमा मी तुम्हनासंगे कधी गोड बोलनी नही. उठा." पुढे बसलेल्या कुंदनलाही हुंदका आला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बोट टोचून साखर पाहिली. चारशे अडतीस. पेशंटला काय काय दिलं होतं ते त्यांनी विचारलं, आणि कुंदनने अभिमानाने सगळं सांगितलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, की बेशुद्ध माणसाच्या तोंडात कधीही काही घालायचं नसतं, त्याला गिळताच येत नाही. एवढं बोलून त्या मध्येच थांबल्या. लोटनभाऊंच्या चेहऱ्याकडे त्यांनी जरा वेळ निरखून पाहिलं. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, साखर उतरेपर्यंत इथेच ठेवू म्हणून सांगितलं आणि कुंदनला बाहेर घेऊन गेल्या.

रंजनाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग नवऱ्याच्या मिशीला चिकटलेला पाक पाहिला.

"तुम्ही जागा शेतस," त्या म्हणाल्या.

लोटनभाऊंनी डोळे मिटूनच मान हलवली.

"कव्हयपासून?"

"दुसरा चमचापासून." लोटनभाऊंचा आवाज अगदी बारीक आला. "पहिले गोड लागनं. मंग लोके जमी ग्यात. मंग तू रडाले लागनी. आते डोया कशा उघाडू, तूच सांग."

 रंजनाबाईंनी पदराचं टोक ओलं करून ती मिशी पुसली, जरा जोरातच पुसली, आणि बाहेर जाऊन कुंदनला सांगितलं, की शुद्ध आली.

संध्याकाळी साखर उतरली आणि पिशव्या घ्यायला दोघं मांडवात परतले, तर तिथे कुंदनचा सत्कार चालला होता. जीव वाचवल्याबद्दल त्याला शाल दिली होती. लोटनभाऊंना शेजारी उभं करून फोटो काढले आणि चार शब्द बोलायला लावलं. बायकोची नजर आपल्यावर आहे हे पाहून लोटनभाऊंनी घसा खाकरला आणि डोळ्यांसमोर अंधारी कशी आली, मग लांबून कुंदनचा आवाज कसा ऐकू आला, हे इतक्या मनापासून सांगितलं की कौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. निघताना कौसाबाईंनीच रंजनाबाईंच्या हातात जिलेबीचा डबा ठेवला. पुन्हा वेळ आली तर घरात असावी म्हणून.

रिक्षा पुलावर आली. रंजनाबाईंनी डबा उघडला, एक जिलेबी काढली आणि तापीकडे बघत सावकाश खाल्ली. मग दुसरी काढली.

लोटनभाऊंनी डब्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

"माले जराशी चक्कर ई ऱ्हायनी," ते म्हणाले.

"मंग पडा," रंजनाबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "दवाखाना आजून जवयच शे."