गाळाच्या वयाचा दाखला

कोणी "हे देऊळ फार जुनं आहे" म्हटलं, की नलावडे लगेच हात पुढं करायचा. "वयाचा दाखला हाय?" सांगलीच्या बाजारात त्यानं गुळाच्या ढेपेचाही दाखला मागितला होता. व्यापारी म्हणाला, "सर, गूळ घ्यायचाय का सोयरीक जमवायचीय?"

तो भूगोल शिकवायचा, मी त्याच कॉलेजात मराठी. दोघंही इस्लामपूरचे, शाळेत एका बाकावरचे. मे महिन्यात लोक थंड हवेला जात. हा तापलेल्या आंध्रात, कृष्णा समुद्राला मिळते तिथं. "आपलाच गाळ हाय तिकडं. आपण न्हाई इचारायचं, तर कुणी?" कुपवाडला करून घेतलेल्या लोखंडी नळ्या तो तिथल्या थरांत ठोकायचा. पुरलेल्या वाळूला शेवटचं ऊन कधी लागलं, ते प्रयोगशाळेत कळतं. त्यावरून कुठला थर कधी साचला, नदीनं समुद्र कसा मागं रेटला, हे त्याला मांडायचं होतं. अट एकच: नळीला उजेड लागता कामा नये. रेल्वेत तो काळ्या कापडातल्या नळ्या मांडीवर घेऊन बसे. एकदा शेजारच्या बाईनं बाळाचं तोंड बघायला कापड सारलं, तर हा ओरडला, "आवं, तुमच्या खापरपणज्याहून थोरलं हाय ते!"

एका वर्षी त्याच्या घराला रंग लागत होता, म्हणून नळ्या माझ्याकडं आल्या. सर्वांत खालच्या थराची नळी मला हलकी लागली. रिकामी तर नाही ना, म्हणून भर दुपारी अंगणात वर्तमानपत्रावर वाळू ओतून पाहिली. पुन्हा भरली, बूच लावलं. तो रागावेल म्हणून बोललो नाही.

निकाल आला: खालचा थर वरच्यापेक्षा तरुण. परिषदेत एकानं विचारलं, "सर, तुमच्याकडं बाप पोराच्या नंतर जन्मतो का?" सभागृह हसलं. त्याच्यासोबत गेलेला मीही हसलो. नलावडेनं निबंध मागं घेतला. पुन्हा तो आंध्रात गेला नाही. लोकांनी म्हटलं, त्याला नमुना घेता येत नाही. ते खोटं आहे. चूक माझी होती.

आता आम्ही दोघंही थकलो. त्याची बायको गेली, मुलगी परदेशात असते. रोज संध्याकाळी मी त्याच्याकडं चहाला जातो. परवा सगळं सांगून टाकलं.

त्यानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "ठावं हाय. परिषदेनंतर नळीतली उरलेली वाळू चाळली, त्यात तुळशीच्या मंजिऱ्या निघाल्या हुत्या. तुझ्या अंगणातल्या."

"मग तवाच का बोलला न्हाईस?"

"तू तोंड चुकवत फिरला असतास."

माझ्याकडं न बघता त्यानं दोन्ही कप उचलले. "आज सांगितलंस म्हणून उद्या यायचा थांबू नगंस, गड्या."