मामांच्या वेबसाइटचं कुलूप

ज्या धंद्याची वेबसाइट नाही तो धंदा अस्तित्वातच नसतो, हे आता शहाण्या लोकांनी मान्य केलेलं आहे. या हिशेबाने आमचे मामा तीस वर्षं अस्तित्वात नव्हते. (तरी रोज दुकान उघडायचे. धाडसच म्हणायचं.) मामा किल्ल्या बनवतात, कुलपं विकतात आणि अडकलेली उघडून देतात. कुणी घराबाहेर अडकलं की त्याने दुकानाच्या पाटीवरचा नंबर फिरवायचा आणि मामांनी हातातला चहा ठेवून, पिशवी उचलून निघायचं. किती मागासलेली पद्धत पाहा: फोन केला की माणूस यायचा!

पण हल्ली लोक बटणांची कुलपं लावायला लागले आणि मामांचा फोन दिवसदिवस गप्प राहू लागला. "असंच चाललं तर दुकान विकावं लागेल," मामी म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. म्हणून मी वेबसाइटवाल्याला घेऊन आलो. या कार्यात माझा वाटा एवढाच, पण तो विसरला जाऊ नये.

पहिल्याच बैठकीत वेबसाइटवाल्याने विचारलं, "काका, तुमचं ध्येय काय?"

"कुलूप उघडणं."

"ते काम झालं. ध्येय सांगा."

मामा तीन बैठका ध्येय शोधत होते. शेवटी 'विश्वासाची दारं उघडताना' असं ठरलं. (याचा अर्थ कुणी कुणाला विचारायचा नाही, हेही ठरलं.) मामांच्या काळ्या हातांचा फोटो पाहून गिऱ्हाईक बिचकेल म्हणून तो बाद झाला आणि त्याजागी कानाला माइक लावलेली एक हसरी मुलगी आली. ही कोण, हे मामी अजून विचारतात. पाटीवरचा नंबर जुनाट दिसत होता, तो खरवडून तिथे वेबसाइटचा पत्ता रंगवला. नंबर गेला वेबसाइटच्या आतल्या पानावर, सुबक अक्षरांत.

सगळं झाल्यावर मामांनी विचारलं, "रात्री ही बंद कोण करणार?"

"बंद नाही होत, काका. चोवीस तास उघडी."

मामांचा चेहराच उतरला. जन्मभर लोकांना कुलपं विकलेला माणूस स्वतःचं दुकान रात्रभर सताड उघडं टाकणार? लोक तोंडात शेण घालतील! मामा हटूनच बसले. अखेर पहिल्याच पानाला पासवर्ड बसवण्यात आला. तो मामांनी आम्हा सगळ्यांना पाठ फिरवून उभं राहायला लावून टाकला आणि धंद्याचा नियम पाळून कुठेही लिहून ठेवला नाही.

कंप्यूटरला रिबीन बांधून, ती कापून उद्घाटन झालं. महिन्याचा अहवाल असा: दाराशी आलेले चारशे बारा, आत गेलेले शून्य. वेबसाइटवाल्याने आकडे पुन्हा मोजले. मामा मात्र खूश. "एकालाही फोडता आलं नाही, बघ!"

त्याच दुपारी मामी धापा टाकत दुकानात आल्या. घराचं दार ओढलं जाऊन बंद झालं होतं. किल्ली आत, फोन आत आणि दूध गॅसवर. "अहो, उठा आधी!"

मामा उठलेही होते, पण मी त्यांना थांबवलं. (घरच्यांसाठी एकदा पद्धत मोडली की ती मोडतच जाते.) मामींना रीतसर कंप्यूटरपुढे बसवलं. त्याने पासवर्ड मागितला.

"सांगा की लवकर!"

"गिऱ्हाइकाला सांगायचा नसतो गं तो."

"तीस वर्षं संसार केला, आणि मी गिऱ्हाईक?"

मामा वरमले. मामींच्या कानाशी वाकले, आणि तसेच वाकून राहिले. "अगं... आठवेना," एवढंच म्हणाले. मग पिशवीतली तार काढून त्यांनी कंप्यूटरभोवती एक चक्कर मारली, पण तार घालायला जागाच सापडेना. वेबसाइटवाल्याला फोन केला. पासवर्ड विसरल्यास करायचा अर्ज आतल्या पानावर आहे, असं तो म्हणाला. तोवर मामींनी हातोडा उचलला, घरी गेल्या आणि दार फोडलं. पातेल्याचा कोळसा झाला होता.

दुकान गेल्या आठवड्यात विकलं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? वेबसाइट मात्र जागच्या जागी आहे, कडेकोट बंद.

हसताय? हसा. पण तुमच्या घराची किल्ली आत्ता कुठे आहे? बघा, गेलाच हात खिशाकडे! नाही सापडत? काळजी करू नका, मामा अजून येतात. नंबर वेबसाइटवर आहे.